एका नेमाचे दोन कोन

देवळाली कॅम्पात बिऱ्हाड केल्यापासून तोफखान्याच्या शाळेचा सराव आमच्या अंगवळणी पडला आहे. कपाटातल्या कपबशा किणकिणल्या की आमची ही विचारते, "चहा टाकू का?"

परवा अशाच वेळी बारावीतली आमची कन्या रडकुंडीला आली होती. साइन दोन थीटा बरोबर अर्धा! तिचे उत्तर आले १५ अंश. पुस्तकात १५ आणि ७५. "बाबा, हे दुसरे कुठून आले?"

आता मी पडलो मराठीचा मास्तर! साइन म्हणजे आर्यभटाची 'ज्या', धनुष्याची दोरी, अरबी-लॅटिन वळणे घेत परत आलेली, एवढे मी सांगू शकलो असतो. पण खरे सांगायचे तर कॉलेजात माझेही गणित याच दुसऱ्या उत्तरापाशी अडले, आणि मी मुकाट्याने मराठीकडे वळलो. घरी हे कधी बोललो नव्हतो.

शेजारचे निवृत्त सुभेदार चहाला आले होते. त्यांनी कागद ओढला. आडव्या अक्षावर तोफेचा कोन, शून्य ते नव्वद, उभ्यावर पल्ला. वक्ररेषा डोंगरासारखी चढली, ४५ अंशांवर माथ्याला पोचली, उतरली. मग निम्म्या उंचीवर त्यांनी आडवी रेघ मारली.

"मोज, पोरी."

रेघ डोंगराला दोनदा छेदत होती. चढताना १५ वर, उतरताना ७५ वर. माथ्यावर नेली तर एकदाच टेकली. त्याहून वर? गाठच नाही, लक्ष्य पल्ल्याबाहेर!

"पण काका, पंचाहत्तरचा उपयोग काय?"

"मध्ये टेकडी असली तर? पंधराचा गोळा तिच्यातच रुतेल. पंचाहत्तरचा वरून पलीकडे उतरेल." हवेच्या अडथळ्याने हे कोन थोडे हलतात, असेही त्यांनी बजावले, प्रत्यक्षात तोफेसाठी तयार कोष्टके असतात.

कन्येला आता चेव आला. साइन एक्स बरोबर एक्स भागिले दहा, एक्स रेडियनमध्ये. इथे कुठलेच सूत्र चालेना. तिने लाट काढली, तिरपी रेघ ओढली. लाट एकच्या वर जात नाही, म्हणून दहापलीकडे शोधायलाच नको. उजवीकडे तीन छेद, डावीकडे तीन, शून्यावर एक. उत्तरे सात! ती कोणती, ते नंतर पाहू; पण आठवे नाही, हे पक्के.

मग मी माझी जुनी हकिकत सांगून टाकली. ती हसली नाही. कोरा कागद पुढे सारून म्हणाली, "बाबा, आता रेघ तुम्ही ओढा."