दोन हंगाम, दोन कामे: डॉन स्टेली

डॉन स्टेली यांचा जन्म १९७० सालचा, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातला. सरकारी घरांच्या वसाहतीत, मुलांच्या बरोबरीने खेळून त्या बास्केटबॉल शिकल्या. ५ फूट ६ इंच ही उंची या खेळात ठेंगणीच, पण पॉइंट गार्डला ती चालते. चेंडू पुढे आणायचा, समोरच्या संघाचा बचाव ओळखायचा आणि नेमका पास द्यायचा, हे त्याचे काम. मैदानावरचा अर्धा प्रशिक्षकच तो!

व्हर्जिनिया विद्यापीठाला त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत सलग तीनदा शेवटच्या चार संघांत नेले. १९९१चा अंतिम सामना टेनेसीने जादा वेळेत ७०-६७ असा जिंकला. तरी सर्वोत्तम खेळाडू ठरल्या त्या हरलेल्या संघाच्या स्टेलीच. १९९२ मध्ये कॉलेज संपले तेव्हा अमेरिकेत महिलांसाठी व्यावसायिक लीगच नव्हती. त्यामुळे फ्रान्स, इटली, स्पेन, ब्राझील अशी भटकंती करावी लागली. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमधील सुवर्णपदकानंतर मायदेशी दोन लीग उभ्या राहिल्या. त्यातली पहिली दोन-अडीच वर्षांतच बुडाली. दुसरी, डब्ल्यूएनबीए, टिकली आणि १९९९ पासून स्टेली तिथे शार्लट स्टिंगकडून खेळू लागल्या.

प्रशिक्षक होण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती. फिलाडेल्फियातल्याच टेम्पल विद्यापीठाने गळ घातली आणि २००० मध्ये त्या तयार झाल्या, तेही खेळणे न सोडता. हे जमले ते वेळापत्रकामुळे. कॉलेजचा हंगाम हिवाळ्यात, डब्ल्यूएनबीएचा उन्हाळ्यात. २००६ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ही दुहेरी कसरत केली. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा ध्वज त्यांच्या हाती होता. तिथे तिसरे सुवर्णपदक मिळाले. टेम्पलनेही त्यांच्या आठ हंगामांत सहा वेळा राष्ट्रीय स्पर्धा गाठली.

२००८ मध्ये त्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात गेल्या. पहिल्या हंगामात १० विजय, १८ पराभव. संघ बांधायला वेळ लागला. त्याच राज्यातील एजा विल्सन ही उंचपुरी खेळाडू आल्यावर खरे बळ आले आणि २०१७ मध्ये विजेतेपद मिळाले. पुढचे २०२२ मध्ये. पण प्रशिक्षक म्हणून त्यांचे कसब सर्वांत ठळक दिसले ते २०२४ मध्ये. आदल्या वर्षी सामन्याच्या सुरुवातीला मैदानात उतरणाऱ्या पाचही खेळाडू निघून गेल्या होत्या, तरी नव्या संघाने ३८ पैकी ३८ सामने जिंकले. खेळाडू असताना मात्र स्टेलींना ना कॉलेजचे विजेतेपद लाभले, ना डब्ल्यूएनबीएचे. २००१ ची अंतिम फेरीही शार्लटने गमावली होती.

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुरुष प्रशिक्षकांच्या तोडीचे मानधन मागायलाही त्या कचरल्या नाहीत. २०२५ च्या करारानुसार त्यांचा पगार वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर झाला, महिला कॉलेज बास्केटबॉलमधला तोवरचा सर्वाधिक.