अठरा वर्षे भरल्यावर
लेखमाला ‘आधाराचं घर’ : भाग पाचवा

मागच्या भागात बालगृहांची नोंदणी आणि तपासणी पाहिली. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार नोंदणीविना बालगृह चालवणे गुन्हा आहे. तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा तिथे जाऊन मुलांशी बोलायचे असते. ही सगळी राखण मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत. पुढे काय, हे आपल्या दिघोरीत, किंबहुना कुठल्याच गावात, फारसे कोणी विचारत नाही.

लाखांदूर तालुक्यातल्या कुठल्या घरात पोरगा अठराचा झाला म्हणून त्याला बाहेर काढतात? आयटीआयचा अर्ज, आजारपण, गेलेली नोकरी, सगळ्याला घर असते. बालगृहातल्या मुलाला त्याच वयात सामान बांधावे लागते. कायद्याच्या कलम 46 मध्ये त्याच्यासाठी आर्थिक मदतीची तरतूद आहे. नियमांप्रमाणे अनुरक्षण गृहात, म्हणजे बालगृह सोडलेल्यांसाठीच्या निवासात, 21 वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून 23 पर्यंत राहता येते, आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला 4000 रुपये मिळू शकतात. मात्र ही मदत हक्क म्हणून लिहिलेली नाही. ती देता येते, इतकेच.

अनुरक्षण गृहात जागा मिळाली म्हणजे मुलगी सुरक्षित झाली, असेही नाही. ती आता सज्ञान, त्यामुळे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणाऱ्या पोक्सो कायद्याचे कवच गेले. अधीक्षकाचा अधिकार मात्र तसाच राहतो. जेवण, खोली, बाहेर जाण्याची परवानगी, शिफारसपत्र, सगळे त्याच्या हाती. म्हणूनच भारतीय न्याय संहितेच्या कलम 68 ने अशा संस्थेचा अधीक्षक किंवा व्यवस्थापक आपल्या पदाचा फायदा घेऊन तिला शरीरसंबंधाला राजी करत असेल, तर तिची संमती असली तरी त्याला 5 ते 10 वर्षे सश्रम कारावास ठेवला आहे. हे कलम अशा प्रत्येक गृहाच्या भिंतीवर मराठीत लावलेले असायला हवे.

हा धोका कल्पनेतला नाही. पनवेलजवळ कळंबोलीच्या एका खासगी संस्थेतल्या गतिमंद मुलींवरचे अत्याचार 2011 मध्ये उघड झाले, मुंबई उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले आणि 2013 मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. ज्यांना धड सांगताही येत नाही, त्यांच्यासाठी बाहेरचे, संस्थेचे मीठ न खाल्लेले माणूस वारंवार आत जाणे, हाच खरा उपाय आहे.

दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या विदर्भातच. अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले आडनाव दिले. अठरा झाले म्हणून त्यांना जायला सांगितले नाही. दिव्यांग अनाथांना आयुष्यभर संस्थेत राहता यावे, असा कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे मागणी करत आले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथेच वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी त्याच वर्षी एमपीएससीची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. पाठीशी घर उभे राहिले तर काय होते, याला आणखी पुरावा कशाला?

सगळीकडे शंकरबाबा मिळणार नाहीत. म्हणून कागद पक्के हवेत. नियमांत मुलाच्या बाहेर पडण्याची योजना दोन महिने आधी तयार करायला सांगितले आहे. तेव्हाच आधार, बँक पासबुक, जन्मदाखला, गुणपत्रिका आणि अनाथ असेल तर अनाथ प्रमाणपत्र मुलाच्या स्वतःच्या हातात पडले पाहिजे. संस्थेच्या कपाटातले कागद त्याच्या कामाचे नाहीत. राज्यात 2018 पासून अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे, पण त्या प्रमाणपत्राशिवाय ते मिळत नाही.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष असतात, अंगणवाडी सेविका सचिव. येत्या ग्रामसभेत त्यांना एवढे विचारा: आपल्या गावची किती मुले बालगृहात किंवा वसतिगृहात आहेत, आणि यंदा त्यांतले कोण अठराचे होणार आहे? अठराच्या आतल्या मुलाबाबत काही वावगे कानावर आले, तर 1098 या बाल मदतवाहिनीला फोन करा.