केसांचे पिकणे : रंजन कोणते आणि चिकित्सा कोणती?

लग्नसराई जवळ आली की अमरावती-अकोल्यातील आयुर्वेदीय औषधी दुकानांत एक मागणी हमखास वाढते. कोणी ‘केस काळे करणारे तेल’ मागतो, कोणी ‘काळी मेंदी’ मागतो, तर कोणी कुठेतरी वाचलेल्या घरगुती उपायाचे चिटोरे पुढे करतो. मागणाऱ्याचा विश्वास एकच असतो : आयुर्वेदाच्या दुकानातून नेलेली वस्तू निर्धोक असणार. हा विश्वास आपण कितपत सांभाळतो, याचा विचार करण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी तुळशीच्या लग्नानंतरच्या दिवसांत पन्नाशीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. पापण्या सुजून डोळे मिटलेले, कपाळावर व कानांमागे लस झरणारे फोड. पुतणीच्या लग्नासाठी त्यांनी केसांना ‘काळी मेंदी’ लावली होती. आम्ही चौकशी करताच ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मेंदीच त होती ना! तुमच्याच इथून नेली होती.” आम्ही फडताळातील तशीच पुडी काढून पाहिली. पुढच्या बाजूस मेंदीची हिरवी पाने आणि ‘हर्बल’ हा शब्द. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत पॅराफेनिलीनडायमीन. ती पुडी आम्ही विकत होतो, पण पालथी करून कधी वाचली नव्हती. गृहस्थ पुढे बरे झाले. मात्र ‘तुमच्याच इथून’ हे शब्द आमच्या मनातून गेले नाहीत.

शास्त्राने मांडलेली कारणे

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात पलिताची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. क्रोध, शोक व श्रम यांमुळे वाढलेली शरीरोष्मा आणि पित्त शिरोभागी जाऊन केसांचा पाक करतात, असा त्याचा आशय आहे. ‘केस पिकले’ हा आपला रोजचा मराठी शब्दप्रयोग याच कल्पनेशी नाते सांगतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळणाऱ्या आपल्या वऱ्हाडात पित्तप्रकोपाचे हे वर्णन वैद्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आधुनिक संशोधनानेही याच दिशेला काही पावले टाकली आहेत. केसाला रंग देणाऱ्या पेशींचा साठा केशमूळात असतो; तो संपत गेला की पुढे उगवणारा केस पांढरा येतो. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, तीव्र ताणामुळे अनुकंपी मज्जातंतू उद्दीपित होतात आणि हा साठा झपाट्याने संपतो. पुढे २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १४ स्वयंसेवकांचे केस तपासले. त्यांतील काही केसांचा रंग परत आलेला आढळला आणि काहींच्या बाबतीत त्याचा काळ ताण कमी झाल्याच्या काळाशी जुळत होता. मात्र हे मोजक्या केसांपुरते होते. संपूर्ण डोके पुन्हा काळे झाल्याचा तो पुरावा नव्हे. तसा तो सांगणे ही रुग्णाची फसवणूक ठरेल.

दोन वेगळ्या गोष्टी

आमच्या मते या विषयातील सारा गोंधळ एका कारणाने होतो. रंजन आणि चिकित्सा या दोन गोष्टी आपण एकाच नावाने विकतो.

त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो एकदा पांढरा उगवला की कोणतेही तेल, लेप वा भस्म त्याला आतून काळा करू शकत नाही. त्यावर बाहेरून रंग चढविता येतो, ते रंजन. चिकित्सेचा संबंध पुढे उगवणाऱ्या केसाशी. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणून चिकित्सेचा काही परिणाम व्हायचाच असेल तर तो कळण्यास कित्येक महिने लागतात. ‘१५ दिवसांत केस काळे’ असे सांगणारी वस्तू एक तर रंग आहे किंवा थाप आहे.

आपल्या ग्रंथकारांनी दोहोंना स्थान दिले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सव्विसाव्या अध्यायात पलितासाठी नस्य, तैल व लेप आले आहेत. त्यातील महानील तैल सूर्याच्या उष्णतेवर सिद्ध करण्याचा व ते लोहपात्रात ठेवण्याचा निर्देश अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. तेथे लोखंडाचे भांडे का, याचे उत्तर रसायनशास्त्र देते. आवळा, हिरडा, बेहडा यांतील कषाय द्रव्यांचा लोहाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत, तीही याच तत्त्वावर. म्हणजे लोखंडी कढईतील आवळ्याचा लेप हे प्रामुख्याने रंजन आहे. तसे सांगण्यात काही कमीपणा नाही.

रंजनाचे घरगुती प्रयोग

मेंदी व नीली यांचा दुपदरी प्रयोग आम्हास सर्वांत समाधानकारक वाटतो. १०० ग्रॅम शुद्ध मेंदीचूर्ण व २५ ग्रॅम आवळाचूर्ण चहाच्या कोमट पाण्यात लोखंडी कढईत रात्री भिजवावे. सकाळी लेप देऊन दोन तासांनी केस नुसत्या पाण्याने धुवावेत. एकट्या मेंदीने पांढरा केस तांबूस होतो, काळा होत नाही. काळेपणासाठी त्यानंतर नीलीच्या पानांचे चूर्ण कोमट पाण्यात कालवून १० ते १५ मिनिटे ठेवावे आणि ताजेच लावावे. तासा-दीड तासाने धुवावे. त्या दिवशी साबण वा शाम्पू वापरू नये; रंग पुढील एक-दोन दिवसांत हवेच्या संपर्काने गडद होतो. येथे नीली म्हणजे त्या वनस्पतीची पाने. कपड्यांना घालण्याची नीळ नव्हे, हे ग्राहकाला आवर्जून सांगावे लागते. तसा घोटाळा झालेला आम्ही पाहिला आहे.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील ग्राहक ‘आमच्या बोअरच्या पाण्यानेच केस पांढरे होतात’ असे सांगतात. खारट, जड पाण्याने केस राठ व निस्तेज होतात, हे खरे. त्यामुळे पिकलेले केस अधिक डोळ्यांत भरतात. परंतु केशमूळातील रंग त्या पाण्याने नष्ट होतो, असे म्हणण्यास आधार नाही. अशा गावांतील लोकांना लेप कालविण्यासाठी व शेवटच्या धुण्यासाठी साठविलेले पावसाचे किंवा नळाचे गोडे पाणी वापरण्यास सांगावे.

चिकित्सेचा भाग

माका आपल्याकडे धुऱ्यावर, पाटाच्या कडेला मुबलक उगवतो. माक्याचे तैल घरी करायचे तर परिभाषेप्रमाणे १०० ग्रॅम कल्क, ४०० मिली तिळाचे तेल व १६०० मिली स्वरस घेऊन मंदाग्नीवर सिद्ध करावे. फेस येऊ लागला, कल्काची वात वळू लागली आणि ती विस्तवावर धरली असता तडतडली नाही, की तैलपाक झाला. शिरोभ्यंग, योग्य रुग्णास वैद्याच्या देखरेखीखाली नस्य, आहारात आवळा व काळे तीळ, पुरेशी झोप आणि तिखट-खारट यांचा संयम हा क्रम ठेवावा. याने केस स्निग्ध राहतात, टाळूची रूक्षता जाते, झोप सुधारते. नवे केस पिकण्याची गती मंदावेल, अशी आशा बाळगावी. हमी देऊ नये.

वयाच्या पंचविशीआधीच केस पिकू लागले असतील तर तेलाची बाटली देऊन रुग्णास वाटेला लावणे योग्य नव्हे. आनुवंशिकता हे त्याचे मोठे कारण असले तरी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, पांडुता, थायरॉइडचे विकार, धूम्रपान हीदेखील तपासावी लागतात. शुद्ध शाकाहारी कुटुंबांत ब-१२ ची कमतरता वारंवार आढळते. रक्ताच्या साध्या तपासणीने कारण सापडले तर केसांबरोबर मज्जातंतूंचेही नुकसान टळते.

कारण न शोधता निष्कर्ष काढण्याचे तोटे वऱ्हाडाने नुकतेच अनुभवले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत अचानक केसगळती सुरू झाली. कोणी शाम्पूला, कोणी पाण्याला दोष दिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने येऊन नमुने नेले आणि पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाण्यातील गव्हात असलेल्या सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे लक्ष वेधले. विकार केसांचा दिसला तरी त्याचे मूळ ताटात असू शकते, हा त्यातील धडा आपण पालित्याच्या रुग्णालाही लावावा.

‘काळी मेंदी’ आणि बिब्बा

आता मूळ मुद्दा. निसर्गात काळी मेंदी नसते. मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा असतो. एकाच लेपात अर्ध्या तासात कुळकुळीत काळे करणाऱ्या पुडीत बहुधा पॅराफेनिलीनडायमीन, म्हणजे पीपीडी, असते. या द्रव्याची असहिष्णुता निर्माण झाली तर पुढील प्रत्येक वापराने त्रास वाढतो. ‘इतकी वर्षे लावतो, काही झाले नाही’ हा म्हणूनच निर्वाळा नव्हे. अशा केसरंगाच्या वेष्टनावर त्वचादाहाचा इशारा, पूर्वचाचणीची सूचना आणि भुवया-पापण्यांस न लावण्याची ताकीद इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापणे नियमाने बंधनकारक आहे. ज्या पुडीवर हे नाही, ती दुकानात ठेवू नये. पीपीडीयुक्त रंग पोटात गेल्यास घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवण्यास सांगावे आणि तसा प्रसंग आलाच तर घरगुती उपचारांत क्षणही न दवडता रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

दुसरी सावधगिरी आपल्या मातीतली आहे. मेळघाटात बिब्बा भरपूर. ‘बिब्ब्याचे तेल लावले की केस काळे होतात’ असा समज धारणी-परतवाड्याकडे अजून ऐकू येतो. ग्रंथांत भल्लातक आहे, पण शोधनासह व मात्रेसह आहे. कच्च्या बिब्ब्याचा चीक टाळूला लागला तर फोड, सूज व व्रण होतात. हा घरगुती उपाय नव्हे. ग्राहकाने विचारल्यास स्पष्ट नकार द्यावा.

शुद्ध मेंदीबाबतही एक अपवाद ध्यानात असू द्यावा. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी आहे, अशा तान्ह्या बालकांस मेंदी लावल्याने रक्तपेशी फुटून कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. बारशाला बाळाच्या हातापायांस मेंदी लावण्याची हौस असेल तर ती आईच्या हातांवर भागवावी.

आपली जबाबदारी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्ये, जे बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशा बाबींच्या यादीत, केसांच्या रंगातील बदल व नवे केस उगवणे यांचाही उल्लेख आहे. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी यातील शहाणपण आपण घ्यावे.

आमच्या दुकानात त्या प्रसंगानंतर तीन नियम केले. पहिला, ‘हर्बल’ लिहिलेली प्रत्येक पुडी पालथी करून घटक वाचल्याखेरीज फडताळात ठेवायची नाही. दुसरा, मेंदी व नीली वेगवेगळ्या विकायच्या आणि दोहोंसोबत मराठीत छापलेली कृती द्यायची. तिसरा, कोणताही लेप वा रंग देताना कोपराच्या आतील बाजूस थोडा लावून दोन दिवस पाहण्यास तोंडी सांगायचे. घाईतल्या गिऱ्हाइकाला हे रुचत नाही. काही जण शेजारच्या दुकानात जातात. त्यातले काही परतही येतात.

ते गृहस्थ पुढील वर्षी पुन्हा आले. घरात आणखी एक लग्न होते. आम्ही त्यांना रंगाची कोणतीही वस्तू दिली नाही, माक्याचे तेल दिले आणि याने पिकलेले केस काळे होणार नाहीत हेही सांगितले. ते हसून म्हणाले, “राहू द्या पांढरे. आता मी मुलीकडचा मोठा माणूस आहो.” सभासद बंधु-भगिनींनी आपल्या दुकानातील एक ‘हर्बल’ पुडी आजच पालथी करून वाचावी, एवढीच आमची विनंती आहे.