बाबिलोनचे कालवे, कायदे व दप्तर

बाबिलोन हें नांव काढतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें टोलेजंग तट, मनोरे व राजवाडे उभे राहतात. परंतु ज्या राज्यानें हे वाडे बांधले, त्याची खरी मत्ता जवाच्या शेतांत व खजुराच्या बागांत होती, आणि त्या शेतीचा सर्व भार कालव्यांवर होता. म्हणून या प्राचीन राष्ट्राची ओळख राजांच्या लढायांवरून करून न घेतां त्यांच्या पाटबंधाऱ्यांवरून करून घेणें शेतकरी बंधूंस अधिक बोधप्रद होईल, अशा समजुतीनें हा अल्प लेख लिहिला आहे.

बाबिलोन नगर आजच्या इराक देशांत, बगदादच्या दक्षिणेस सुमारें ८५ किलोमीटरांवर, युफ्रेटीस नदीच्या कांठीं होतें. युफ्रेटीस व टायग्रिस या दोन नद्यांच्या गाळानें बनलेला हा प्रदेश अगदीं सपाट असून, तेथें पाऊस इतका थोडा पडतो कीं केवळ त्यावर पीक येत नाहीं. शिवाय नद्यांना पूर येतो तो भलत्याच वेळीं. जवाची पेरणी आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, तेव्हां नदी आटलेली. आणि चैत्र-वैशाखांत पीक काढणीस आलें म्हणजे उत्तरेकडील डोंगरांवरचें बर्फ वितळून नदीस लोट येतो. पाणी हवें तेव्हां तें ओढून आणावयाचें व नको तेव्हां अडवावयाचें, अशी ही दुहेरी अडचण होती. कालवा आणि बांध हीं दोन्हीं नसतील तर त्या देशांत दाणा पिकणें शक्य नव्हतें.

बाबिलोनचा प्रख्यात राजा हम्मुराबी यानें इ. स. पू. १७९२ ते १७५० पर्यंत राज्य केलें, असें सामान्यतः मानतात. त्याच्या अमदानींतील एका वर्षाचें नांवच मुळीं त्यानें खोदविलेल्या मोठ्या कालव्यावरून पडलें होतें. त्याचीं अधिकाऱ्यांस लिहिलेलीं पत्रें मातीच्या विटांवर आजही वाचावयास मिळतात. एका पत्रांत राजा आज्ञा करतो कीं, दमानुम कालव्याच्या कांठीं ज्यांचीं शेतें आहेत त्यांना बोलावून कालव्यांतील गाळ याच महिन्यांत काढून पुरा करावा. यावरून दोन गोष्टी दिसतात. कालव्याच्या गाळाकडे खुद्द राजाचें लक्ष असे. आणि ज्यास पाण्याचा लाभ, त्याजवरच दुरुस्तीचा बोजा, हा नियम तेव्हांही होता.

याच राजाचे कायदे सुमारें सव्वादोन मीटर उंचीच्या काळ्या शिळेवर कोरलेले आहेत. ही शिळा पुढें ईलामच्या राजानें लूट म्हणून नेली. ती इराणांतील सूसा येथें १९०१-०२ सालीं फ्रेंच संशोधकांस सांपडली, व आज पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत आहे. त्यांत सुमारें २८२ कलमें धरतात. न्यायाधीश हीं कलमें उघडून निकाल देत असत, असा पुरावा फारसा मिळत नाहीं. तथापि त्या काळीं न्याय्य काय मानीत, हें त्यांवरून उत्तम कळतें.

शेतीसंबंधीं कलमांपैकीं कांहीं पाहूं. एखाद्यानें आपला बांध बळकट करण्यांत हयगय केली, बांध फुटला व शेजाऱ्यांचीं शेतें बुडालीं, तर बुडालेलें धान्य त्यानें भरून द्यावें. तितकी ऐपत नसेल तर त्यास त्याच्या चीजवस्तूसह विकावें, व आलेला पैसा नुकसान झालेल्या शेतकऱ्यांनीं वांटून घ्यावा. शिक्षा कठोर खरी. पण एकाच्या आळसानें साऱ्या पाटावरच्या शेतांवर ओढवणारी आपत्ति लक्षांत घेतां तिचें कारण उमगतें. खंडानें शेत घेऊन तें न पिकविणाऱ्या कुळानें शेजारच्या शेताच्या उत्पन्नाप्रमाणें मालकास धान्य द्यावें, असें एक कलम आहे. बागाईतासाठीं जमीन दिली असेल, तर चार वर्षें माळ्यानें झाडें वाढवावीं व पांचव्या वर्षीं मालक व माळी यांनीं बाग निम्मेनिम वांटून घ्यावी, असें दुसरें आहे.

कर्जाचें कलम तर विशेष मनन करण्याजोगें आहे. वादळानें शेत बुडालें, पुरानें वाहून गेलें, किंवा पाण्यावांचून पीक आलें नाहीं, तर त्या वर्षीं ऋणकोनें सावकारास धान्य देऊं नये. कर्जरोख्याची वीट भिजवून तींतील मजकूर बदलावा आणि त्या सालचें व्याज देऊं नये. धान्याच्या कर्जावर शेंकडा ३३ हून थोडें अधिक व चांदीच्या कर्जावर शेंकडा २० व्याज सांगितलेलें असतां ही सवलत लहान नव्हे. हम्मुराबीच्याच वंशांतील अम्मीसदूका राजाचा कर्जमाफीचा हुकूमनामाही उपलब्ध आहे.

दप्तराच्या बाबतींत हे लोक मोठे काटेकोर. करार ओल्या मातीच्या विटेवर लिहून तीवर मातीचेंच दुसरें वेष्टण घालीत व त्यावर तोच मजकूर पुनः लिहीत. बाहेरील अक्षरांत कोणी फेरफार केल्याचा वाद निघाला, तर न्यायाधीशापुढें वेष्टण फोडून आंतील मजकूर पाहत. जमिनीची मोजणीही ते कुशलतेनें करीत. सिप्पर येथें मिळालेल्या व आज इस्तंबूल येथें असलेल्या एका विटेवर विक्रीच्या शेताचा नकाशा असून त्यांत पाणथळ जागा व खळें दाखविलें आहे. त्यांतील अचूक काटकोन पाहून डॅनियल मॅन्सफील्ड यांनीं २०२१ सालीं असें मत मांडलें कीं, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचा नियम या मोजणीदारांस पायथागोरसाच्या हजारांहून अधिक वर्षें आधीं ठाऊक होता.

पेरणीसाठीं नांगराला नळी जोडून तींतून बीं सोडण्याचें औत त्यांच्यापाशीं होतें. आपल्या तिफणीस तीन नळ्या, त्यास एक, पण युक्ति तीच. त्यांची गणना साठाच्या पटीनें चाले. तासाचीं साठ मिनिटें व वर्तुळाचे ३६० अंश हा तिचाच वारसा. आपल्या पंचांगांतील बारा राशींचें मूळही बाबिलोनी ज्योतिष्यांकडे जातें; ग्रीकांच्या द्वारें त्या आपणांकडे आल्या. हे ज्योतिषी ताऱ्यांच्या नोंदींबरोबर जव, खजूर, तीळ व लोंकर यांचे बाजारभाव आणि नदीच्या पाण्याची पातळीही लिहून ठेवीत. अशा उपलब्ध नोंदी इ. स. पू. ६५२ पासून इ. स. पू. ६१ पर्यंतच्या आहेत. मध्यंतरीं, इ. स. पू. ५३९ मध्यें, इराणच्या सायरसानें बाबिलोन जिंकलें. राज्य गेलें, तरी नोंदी चालूच राहिल्या.

आतां या शेतीची दुसरी बाजू. नदीच्या गोड पाण्यांतही थोडा क्षार असतोच. शेतांत सोडलेलें पाणी उन्हानें उडून जातें, क्षार मात्र मागें राहतो. सतत पाणी दिल्यानें जमिनीखालील पाणी वर चढत येतें. तें मुळांजवळ आलें म्हणजे वातींत तेल चढावें तसें खारें पाणी मातींतून वर येऊन जमिनीवर पांढरें पूट धरतें. जेकबसेन व अ‍ॅडम्स या विद्वानांनीं १९५८ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, दक्षिणेकडील सुमेर प्रांतांत इ. स. पू. ३५०० च्या सुमारास गहूं व जव जवळजवळ सारखेच पेरीत. पुढें हजार वर्षांत गहूं षष्ठांशावर आला, व इ. स. पू. १७०० पर्यंत बहुतेक नाहींसा झाला. गव्हास क्षार सोसत नाहीं, जवास पुष्कळ सोसतो. पॉवेल यांनीं १९८५ सालीं या अनुमानावर आक्षेप घेतले आहेत, म्हणून राज्यांच्या ऱ्हासाचें सर्व खापर क्षारावर फोडणें बरोबर नव्हे. पण क्षाराचा उपद्रव होता, हें निर्विवाद. जमीन एक वर्षाआड पडीत टाकणें हा त्यावर त्यांचा उपाय होता. पडीत रानांत खोल मुळांचीं झुडपें वाढून खालची ओल शोषून घेत व पाण्याची पातळी उतरे. लोभानें ही विश्रांति मोडली कीं क्षार पुनः डोकें वर काढी.

कृष्णाकांठच्या ऊसपट्ट्यांतील पाणथळ व खारवट झालेल्या जमिनी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस याहून अधिक सांगणें नको. बाबिलोनी लोकांनीं बांध न राखणाऱ्यास शिक्षा सांगितली. पण शेतांत मुरलेल्या जादा पाण्याचा निचरा कोणीं व कसा करावा, याविषयीं त्या शिळेवर एकही कलम नाहीं. म्हणून पाटाचें पाणी घेणारानें बांध राखावा, चारींतील गाळ वेळेवर काढावा आणि निचऱ्याचे चर शेजाऱ्यांशीं मिळून खोदावे. पाणी एका शेतापुरतें थांबत नाहीं, तसा निचराही एकट्यानें साधत नाहीं.