पोहरादेवीचे पाहुणघर

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चार मजले, तेरा दालने. हे गाव बंजारा समाजाची काशी मानले जाते; संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीच्या यात्रेला अनेक राज्यांतून माणसे येतात. यात्रेकरू चूल मांडतो, भोग लावतो, परततो. संग्रहालय पाहायला येणाऱ्या शहरी पाहुण्याला मात्र जेवायला टेबल लागते, झोपायला खोली लागते आणि दुसऱ्या सकाळी पाहायला आणखी काहीतरी लागते. ते उत्तरेला आहे. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य सन २००० मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर, बराचसा भाग गवताळ माळ. या दोन ठिकाणांच्या भरवशावर आज ना उद्या कोणीतरी त्या माळाच्या कडेला उपाहारगृह आणि पाहुणघर काढणारच. मी वास्तुविशारद नाही. तांड्यांच्या इतिहासावर जमेल तसे वाचत असताना हा प्रश्न समोर आला, म्हणून हे लिहितो.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३३ नुसार अभयारण्याच्या आत व्यापारी पर्यटक निवास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय बांधता येत नाही. हद्दीबाहेरच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रांसाठी केंद्राच्या ज्या अधिसूचना निघतात, त्यांत बहुधा एक ठरलेले कलम असते: हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत नवे हॉटेल वा रिसॉर्ट नाही, अपवाद फक्त निसर्ग पर्यटनासाठी लागणाऱ्या लहान, तात्पुरत्या रचनांचा.

‘तात्पुरती रचना’ हे शब्द वाचून बांधकाम व्यावसायिकाच्या कपाळाला आठी पडते. मला मात्र तांडा आठवला. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला आग्र्याहून पाटण्याकडे जाताना धान्य वाहणाऱ्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. तांडा दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नसे, असे त्याने नोंदवले आहे. कारण उघड आहे. बैल वाटेतच चरायचे. म्हणजे गवत हेच या व्यापाराचे इंधन, आणि मुक्काम असा करायचा की पुढच्या खेपेला तिथे पुन्हा गवत मिळावे. आज काळविटांसाठी आपण जो माळ राखू पाहतो, तशाच माळांवर हा समाज शतकानुशतके पाया न खोदता राहिला. पुढे रेल्वे आली, लमाणी बैलांचा धंदा बुडाला, तांडे एका जागी स्थिरावले. त्या समाजाच्या नावाने येणारे पर्यटन आता सिमेंटचा चौथरा घालूनच सुरू व्हावे, हे मला विचित्र वाटते.

हलकी रचना इथल्या मातीलाही मानवते. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायावरच्या भिंती तडकतात, हे वऱ्हाडात घर बांधलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. मोजक्या खांबांवर उचललेली लाकडी जमीन, वर कापडाचे किंवा पत्र्याचे छत, खाली मोकळी हवा. छताला गवत वापरायचे तर ते अभयारण्यातले नको, एवढे पथ्य.

खरी अडचण सांडपाण्याची आहे आणि आराखड्यात ती शेवटी आठवते. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे नेहमीचा शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो. खोल्यांच्या पाण्यापेक्षा स्वयंपाकघराचे पाणी वाईट, कारण त्यात तेल असते. ते आधी तेल अडवणाऱ्या टाकीत, मग खडी आणि लव्हाळ्याच्या उथळ वाफ्यात सोडावे लागते. हा वाफा किती मोठा करता येईल आणि उन्हाळ्यात विहीर किती पाणी देईल, यावर खोल्यांची संख्या ठरवावी. रामनवमीची गर्दी ऐन उन्हाळ्यात येते. तेव्हा पाहुण्याच्या शॉवरचे पाणी आणि यात्रेकरूच्या तांब्यातले पाणी एकाच भूजलातून यायचे आहे.

हौसेने झाडेही लावू नयेत. काळवीट लांबवर दिसणाऱ्या मोकळ्या रानात सुरक्षित असते. नजर आणि वेग हीच त्याची ढाल. पवन्या, मारवेल, कुसळ उपटून हिरवळ आणि गुलमोहर लावणारा ‘निसर्गरम्य’ परिसर त्याच्या कामाचा नाही. काटेरी तार नको, रात्री आकाशाकडे जाणारे दिवे नकोत. शेजारच्या शेतकऱ्याचे सोयाबीन हीच काळविटे खातात, हेही विसरू नये. पाहुणघरातली डाळ आणि ज्वारी त्याच्याकडून रोखीने घेतली, तर त्याला या प्राण्याचे थोडे तरी मोल वाटेल.

जेवणात बाजरी-ज्वारीची बाटी, लापसी, वऱ्हाडी रोडगे असावेत. सळोई ठेवायची की नाही, हे तांड्यातल्या बायांनी ठरवावे. कारण माझी खरी धास्ती इथे आहे: फेटिया-कांचळी घातलेली बाई दाराशी फोटोपुरती उभी आणि गल्ल्यावर बाहेरचा माणूस. आरशाची भरतकामाची पट्टी भिंतीला लावली की बंजारा संस्कृती जपली, अशी समजूत व्हायला वेळ लागत नाही.

त्यातून वेळापत्रकाचा पेच. पर्यटनाचा हंगाम दिवाळीपासून सुरू होतो. दिवाळीत तांड्यातल्या मुली हातात दिवा घेऊन घरोघर ‘मेरा’ मागतात. त्याच सुमारास अनेक घरे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाहुणे येतील तेव्हा रांधणारे हात कारखान्याच्या फडात असतील. दिवाळीनंतर भरतीची जाहिरात काढून काही होणार नाही, कारण मुकादमाची उचल पावसाळ्यातच घरात आलेली असते आणि ती फिटेपर्यंत माणूस मोकळा नसतो. म्हणून पाहुणघराचा पहिला करार नकाशा मंजूर होण्याच्या आधी, आषाढात, तांड्यात बसून व्हायला हवा: किती जणांना, किती महिने, किती मजुरी, आणि उचलीइतकी आगाऊ रक्कम कोण देणार.