अरण्य, वाणी आणि वंश : टारझनच्या चित्रपटीय घडणीचा तौलनिक विचार

१

एखादा नायक आपल्या मूळ संहितेपासून सुटून स्वतंत्रपणे वावरू लागला की त्याला ‘अभिजात’ म्हणण्याची प्रथा आहे. मात्र ही सुटका नेमकी कशी घडते, तिच्यामागे कोणत्या भौतिक, कायदेशीर आणि तांत्रिक घटना असतात, याचा विचार साहित्याभ्यासात अभावानेच होतो. माध्यमांतराची चर्चा करताना आपण प्रायः ‘मूळ’ आणि ‘रूपांतर’ यांची शेजारीशेजारी मांडणी करतो आणि निष्ठा-अनिष्ठेचा निवाडा देऊन थांबतो. प्रस्तुत लेखात एडगर राइस बरोज यांचा टारझन, मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी संस्थेने १९३२ मध्ये पडद्यावर आणलेला ‘टारझन द एप मॅन’ आणि मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने १९३७ मध्ये काढलेला ‘तूफानी टारझन’ या तीन घडणींचा विचार केला आहे. वाणी आणि वंश या दोन सूत्रांवर ही तुलना उभी आहे. या नायकाला भाषा कुठून मिळते, आणि तो कोणाचा कोण लागतो, हे ते दोन प्रश्न होत.

२

बरोज यांची कथा ऑक्टोबर १९१२ मध्ये ‘ऑल-स्टोरी’ या नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९१४ मध्ये ग्रंथरूपाने आली. तिच्यातील टारझन हा जन्माने इंग्रज उमराव आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आई-वडिलांचा मृत्यू झाल्यावर काला नावाची वानरी त्याला वाढवते. या कादंबरीतील सर्वांत विलक्षण भाग भाषेसंबंधीचा आहे. वडिलांच्या झोपडीत सापडलेल्या चित्रमय पुस्तकांच्या आधारे टारझन इंग्रजी लिहा-वाचायला शिकतो. पण ते अक्षर उच्चारायचे कसे, हे त्याला ठाऊक नसते. पुढे एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या सहवासात तो प्रथम बोलतो ती मानवी भाषा फ्रेंच असते. लिपी एका भाषेची आणि वाणी दुसरीची, अशी ही अवस्था आहे. तिच्यामागील वंशश्रेष्ठत्वाची धारणा आज कोणाही सुजाण वाचकाला खटकेल. उमरावाचे रक्त अरण्यातही आपोआप सुसंस्कृत होते, असे बरोज यांना सुचवायचे आहे. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. कादंबरीतील टारझन हा बहुभाषिक आणि वाचणारा नायक आहे. किपलिंगच्या मोगलीशी त्याचे नाते जोडले जाते. पण मोगलीला प्राण्यांची भाषा आणि अरण्याचे नियम गुरूंकडून मौखिक परंपरेने मिळतात, टारझनला अक्षर एकांतात सापडते. हा फरक मौलिक आहे.

१९१८ च्या पहिल्या मूकपटात एल्मो लिंकनने टारझनची भूमिका केली. त्या पटाने कादंबरीच्या पूर्वार्धाचा मागोवा घेतला. नायकाचा जन्म, पोरकेपण आणि बालपण त्यात आले. म्हणजे मूकपटाच्या काळात टारझनला कुळ होते. बोलपट आला आणि त्याने हे कुळ गमावले. इतकेच नव्हे, तर भाषाही गमावली. चित्रपटाला कंठ फुटला त्याच काळात त्याचा एक प्रमुख नायक मुका व्हावा, या विरोधाभासाचा उलगडा निर्मितीप्रक्रियेत शोधावा लागतो.

३

या उलगड्याचा पहिला धागा कायद्याचा आहे. मेट्रोने बरोज यांच्याशी केलेला करार कादंबऱ्यांच्या कथानकांचा नव्हता, तो टारझन या पात्राचा होता. आपली कथानके वापरू नयेत, नवी कथा रचावी, अशी लेखकाची अट होती. आपल्या ग्रंथांचे मोल राखण्यासाठी घातलेल्या या अटीचा परिणाम उलटा झाला. झोपडी, पुस्तके, फ्रेंच मित्र, उमरावपद हे सारे कथानकाचे घटक होते. ते गळताच उरले ते केवळ एक नाव, एक शरीर आणि एक अरण्य. १९३२ च्या चित्रपटात टारझन कोण, कुठला, याचे स्पष्टीकरणच नाही. बाल्टिमोरची जेन पोर्टर येथे जेन पार्कर ही इंग्रज तरुणी होते आणि हत्तींच्या स्मशानभूमीच्या शोधात निघालेल्या वडिलांबरोबर अरण्यात शिरते. टारझन तिला भेटतो तो एखाद्या निसर्गघटनेसारखा.

दुसरा धागा अर्थकारणाचा आहे. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक यांनी १९२९ मध्ये पूर्व आफ्रिकेत जाऊन ‘ट्रेडर हॉर्न’चे चित्रीकरण केले होते. हा प्रवास अत्यंत खर्चिक आणि कष्टप्रद ठरला. नायिका एडविना बूथ दीर्घकाळ आजारी पडली. १९३१ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट यशस्वी झाला आणि त्यासाठी टिपलेली पुष्कळशी दृश्ये शिल्लक राहिली. ही शिल्लक खपवता येईल असे कथानक हवे होते, आणि टारझन त्यासाठी सोयीचा होता. त्यामुळे नव्या चित्रपटाचे चित्रीकरण कॅलिफोर्नियातच झाले. आफ्रिका आली ती पार्श्वपडद्यावर मागून टाकलेल्या चित्रफितीतून. जेन प्रथमच स्थानिक लोकांना पाहते त्या प्रसंगात पुढे नटी आणि मागे सरकणारी फीत यांच्यामधली रेषा आजही डोळ्यांना जाणवते. आशियाई हत्तींना मोठे खोटे कान बसवून आफ्रिकी केले गेले, आणि तथाकथित बुटक्या जमातीची कामे चेहरे काळे रंगवलेल्या ठेंगण्या गोऱ्या नटांनी केली. जेथे टारझन राहतो त्या कड्याचे ‘मुटिया’ हे नाव ‘ट्रेडर हॉर्न’मधील आफ्रिकी अभिनेता मुटिया ओमुलू याच्यावरून आले. एका माणसाचे नाव डोंगराला देऊन त्या माणसाला चित्रातून वगळायचे, ही कृती या चित्रपटाच्या भूगोलाची गुरुकिल्ली मानता येईल.

तिसरा धागा शरीराचा. जॉनी वाइसम्युलर याने १९२४ च्या पॅरिस आणि १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये मिळून जलतरणाची पाच सुवर्णपदके मिळवली होती. तो नट म्हणून घडलेला नव्हता. त्याच्या मुखी मोजके शब्द ठेवणे ही निर्मितीची सोय होती, आणि तिच्यातूनच शैली जन्मली. मैथुनपूर्व प्रीतीचा सारा व्यवहार नावांच्या उच्चारापुरता उरला. येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ‘मी टारझन, तू जेन’ हे जगभर उद्धृत होणारे वाक्य या चित्रपटात नाही. आहे ते केवळ एकमेकांच्या छातीला बोट लावून दोन नावे पुन्हा पुन्हा घेणे. लोकस्मृतीने त्या नावांना सर्वनामे जोडली आणि व्याकरण पुरवले. झाडांवरून झेपावणारे शरीरही सर्वस्वी वाइसम्युलरचे नव्हते; झुल्यावरच्या कसरतींसाठी आल्फ्रेडो कोडोना या सर्कसमधील कलावंताने त्याची जागा घेतली. आणि वाणीच्या रिकाम्या जागी आली ती आरोळी. शब्द नसलेली, अनुवादाची गरज नसलेली ही आरोळी बोलपटाच्या भाषिक सीमा सहज ओलांडून गेली.

बरोज यांनी या मूकत्वाला प्रत्युत्तर दिले होते, हे विशेष. १९३५ मध्ये त्यांच्या स्वतःच्या सहभागाने ‘द न्यू ॲडव्हेंचर्स ऑफ टारझन’ निघाला. त्याचे चित्रीकरण ग्वाटेमालात झाले, आणि हर्मन ब्रिक्सने साकारलेला टारझन स्वच्छ, सुशिक्षित इंग्रजी बोलत होता. मूळ संहितेशी तो अधिक एकनिष्ठ होता, आणि तरीही स्मरणात राहिला तो वाइसम्युलर. १९४८ पर्यंत त्याने बारा चित्रपटांतून ही भूमिका केली. निष्ठा हा रूपांतराच्या मूल्यमापनाचा निकष म्हणून किती अपुरा आहे, याचा हा बोलका दाखला होय.

४

मुंबईत जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या पारशी बंधूंनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोनची स्थापना केली. १९३५ च्या ‘हंटरवाली’ने साहसपटांचा त्यांचा मार्ग पक्का केला. होमी वाडिया दिग्दर्शित ‘तूफानी टारझन’मध्ये शरीरसौष्ठवासाठी प्रसिद्ध असलेला जॉन कावस नायक आणि गुलशन नायिका होती. परळच्या ज्या वास्तूत या संस्थेचा स्टुडिओ होता, तेथेच १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले. मराठी वाचकाला परिचित असलेल्या चित्रपरंपरेच्या भूमीखाली अशा रीतीने या साहसपटांचा एक थर आहे.

वरवर पाहता हा चित्रपट मेट्रोच्या यशाची नक्कल वाटतो. वेलींवरचे झोके, नदी, हत्ती, शहरातून आलेली तरुणी हे सारे तेथलेच. परंतु अमेरिकी चित्रपटाने जे गाळले होते, नेमके तेच मुंबईने पुन्हा निर्माण केले. येथे टारझनला वडील आहेत. ते अरण्यात राहून अमरत्वाचे रसायन शोधणारे शास्त्रज्ञ आहेत. सिंहाच्या हल्ल्यात त्यांचा अंत होतो, आई भ्रमिष्ट होऊन अरण्यात भटकत राहते, आणि मुलाच्या अंगावर त्या संशोधनाचे रहस्य असलेला ताईत उरतो. अनेक वर्षांनी आजोबा नातवाच्या शोधात येतात. बोमन श्रॉफने साकारलेला ‘दादा’ हा अर्धा माणूस, अर्धा वानर असा सेवक या कथेत वावरतो. म्हणजे येथील प्रमुख प्रश्न स्त्री-पुरुषाच्या भेटीचा नाही. दुभंगलेल्या कुटुंबाच्या पुनर्मीलनाचा आहे.

या ताईताकडे भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सातव्या अंकात मारीचाच्या आश्रमात सिंहाच्या बछड्याशी खेळणारा बालक सर्वदमन भेटतो. त्याच्या मनगटावरची अपराजिता वनस्पतीची रक्षा गळून पडते. माता-पित्यांखेरीज आणि त्याच्याखेरीज कोणी ती उचलली तर तिचा सर्प होतो. दुष्यंत ती उचलतो आणि काहीच घडत नाही. वनात वाढलेले, श्वापदांना न भिणारे मूल, अंगावरची खूण आणि तिच्याद्वारे प्रकट होणारे कुळ, असा हा आकृतिबंध आहे. वाडियांनी कालिदासाकडून काही घेतले, असे येथे म्हणायचे नाही. तसा दावा करण्याचे कारणही नाही. म्हणणे इतकेच की हा आकृतिबंध भारतीय प्रेक्षकाच्या कथाबोधात आधीच वसत होता. कुळाविना नायक ही कल्पना त्या बोधाला अपुरी वाटली असावी. वनवास ही आपल्याकडे अवस्था आहे, उत्पत्ती नव्हे. वनात गेलेल्याला कोणीतरी शोधत असते. वानररूप सेवकाची निष्ठाही रामकथा ऐकलेल्या श्रोत्याला परकी वाटण्याचे कारण नव्हते.

याच संस्थेची परंपरा पुढे बसंत पिक्चर्सने चालवली. १९५८ मध्ये होमी वाडियांनी ‘झिंबो’ काढला. टारझन हे नाव येथे गळाले, नायक मात्र टिकला. मेट्रोने कथानक टाकून नाव ठेवले होते. वाडियांनी अखेरीस नाव टाकले आणि कथा ठेवली.

५

या देशीकरणाचे स्वागत करताना एका बाबीकडे डोळेझाक करता येत नाही. कुळ परत मिळाले ते नायकाला; अरण्यातील माणसांना नव्हे. हॉलिवूडने आफ्रिकी माणसाची जी प्रतिमा स्टुडिओत रंगवली, तिचाच रंग आपल्या साहसपटांनी अरण्यातील जमातींना दिला. आफ्रिकेला आपण भूगोल म्हणून वगळले, पण तिच्यावर लादलेली दृष्टी आयात केली. या देशातील अरण्ये निर्जन नव्हती. तेथे भाषा, गोत्रे आणि गीते असलेले समाज राहत होते. त्यांच्या तुलनेत पडद्यावरचा ‘जंगली’ हा मुकाच राहिला. त्याच्या वंशाचा शोध घेण्यासाठी कोणी आजोबा निघाले नाहीत.

निष्कर्षतः, तीनही घडणींत टारझन एकच असला तरी प्रत्येक संस्कृतीने त्याला वेगळे दान दिले आणि वेगळे हिरावून घेतले. बरोज यांनी त्याला अक्षर दिले, मेट्रोने आरोळी, वाडियांनी आई. ही दाने सर्जनाच्या एकांतात ठरलेली नाहीत. करारातील एक अट, फितींची शिल्लक, जलतरणपटूचा देह आणि प्रेक्षकांचा कथाबोध यांच्या संयोगातून ती ठरली. तौलनिक साहित्याने रूपांतराचा अभ्यास करताना या संयोगालाही संहितेइतकेच काळजीपूर्वक वाचले पाहिजे. आणि तसे वाचताना, नायकाला भाषा आणि कुळ कोणी दिले या प्रश्नाबरोबरच, ज्यांना ती दिली गेली नाहीत ते कोण, हाही प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारला पाहिजे.