सिस्टर पुन्हा पुन्हा नाव का विचारतात?

गेल्या आठवड्यात शिरवळच्या एस. टी. स्टँडवर ओळखीचे एक गृहस्थ भेटले. आईला नुकतेच रुग्णालयातून घरी आणले होते. म्हणाले, "सिस्टर, चार दिवस आई तिथेच होती, तरी प्रत्येक इंजेक्शनला नाव विचारायच्या. माणूस लक्षात राहत नाही की काय?"

मी तीस वर्षे परिचारिका होते. मला हे ऐकून बरेच वाटले.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. रात्रपाळी, चाळीस खाटा आणि मी एकटी. शेजारशेजारी दोन शिंदे. पहाटे एकाला इन्शुलिन द्यायचे होते. "शिंदे ना?" मी विचारले. झोपेतच उत्तर आले, "हो." सुई टोचणार, तोच त्यांच्या पत्नी जाग्या झाल्या. "सिस्टर, यांना साखर नाही, ती पलीकडच्या शिंद्यांना!"

मधुमेह नसलेल्याला इन्शुलिन दिले तर रक्तातील साखर झपाट्याने उतरते; माणूस बेशुद्ध पडतो, प्राणही जाऊ शकतो. हा प्रसंग मी कोठेही नोंदवला नाही. बोलणी बसतील ही भीती. नोंदवला असता तर त्या वॉर्डात खाटांवर पूर्ण नावे तरी लागली असती.

म्हणून "तुम्ही अमुक ना?" असे विचारायचे नसते, "तुमचे नाव काय?" असे विचारायचे. आजारी माणूस कशालाही हो म्हणतो. रुग्ण, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ, या पाचही गोष्टी दर वेळी ताडून पाहायच्या. बाटलीवरचे लेबल तीनदा वाचायचे: उचलताना, औषध काढताना, परत ठेवताना.

हे राहिले तर काय होते? ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओच्या लसीऐवजी १२ बालकांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बचावली. संबंधितांवर कारवाई झाली. ती हवीच, पण लसीच्या टेबलावर दुसरी बाटली ठेवायचीच नाही, ही शिस्त मला अधिक महत्त्वाची वाटते.

गृहस्थांनी विचारले, "मग आम्ही काय करायचे?"

म्हटले, "भाऊ, आईंना पूर्ण नाव सांगू द्या. कोणते औषध सोसत नसेल तर न विचारताही सांगा. आणि सिस्टर इंजेक्शन भरत असताना 'डॉक्टर कधी येणार?' एवढे मात्र विचारू नका."